विश्लेषण : कुटुंबासाठी कॅराव्हॅन बांधून घेताना कोणते पर्याय आधीच निवडावेत?

मे महिन्याच्या सुट्टीत गणपतीपुळे, गुहागर किंवा दापोलीत ऐनवेळी खोली शोधत फिरलेल्या कुटुंबाला ‘चाकांवरचे घर’ ही कल्पना भुरळ घालते. स्वयंपाक, झोप, शौचालय सारे गाडीतच असेल, तर आरे-वारेच्या रस्त्याने रमतगमत जाता येते आणि म्हातारे आईवडीलही सोबत येऊ शकतात. मात्र अशी गाडी शोरूममध्ये तयार उभी नसते. ती ऑर्डर देऊन बांधून घ्यावी लागते आणि ऑर्डर देताना पर्यायांची लांबलचक यादी समोर येते. त्यातले काय आत्ताच बसवून घ्यायचे आणि काय नंतरसाठी ठेवायचे, हे चुकले तर लाखो रुपये घातलेली गाडी पहिल्याच पावसाळ्यात डोकेदुखी ठरते.

‘कंपनी फिटिंग’ म्हणजे नेमके कोणाचे?

युरोप-अमेरिकेत कुटुंबाची कॅराव्हॅन म्हणजे बहुतेकदा मोटारीमागे ओढायचा ट्रेलर. आपल्याकडे रस्ते, पार्किंग आणि घाट पाहता स्वतःचे इंजिन असलेली व्हॅनच सोयीची पडते. फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरसारखी व्हॅन घ्यायची आणि बॉडी बिल्डरकडून आतील घर बांधून घ्यायचे, ही रूढ पद्धत. म्हणजे कारखाने दोन आणि वॉरंट्याही दोन. ब्रेक, एबीएस, एअरबॅग, चालकाच्या केबिनचा एसी, इंजिन हे मूळ कंपनीचे. छत, भिंती, पलंग, पाणी, वायरिंग हे बॉडी बिल्डरचे. सुरक्षेशी संबंधित जे काही मूळ कंपनी देऊ करते, ते तिच्याकडूनच घ्यावे. उद्या वायरिंगमध्ये बिघाड होऊन इंजिन बंद पडले, तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. म्हणून कोणता भाग कोणाच्या जबाबदारीत, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.

नंतर बसवले तर काय बिघडते?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी तफावत पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पडदे, गाद्या, पंखे यांचा प्रश्न नाही. पण आसनसंख्या बदलणे, छत उंच करणे, बॉडी कापून खिडकी काढणे हे सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या गॅरेजमध्ये उरकण्याचे काम नव्हे.

मोटर कॅराव्हॅनसाठी केंद्राचे एआयएस-१२४ हे मानक आहे. बिल्डरच्या रचनेला पुण्यातील एआरएआय किंवा तशा अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरी आहे का आणि आरसीवर वाहनाचा वर्ग कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन असाच येणार का, हे दोन प्रश्न किमतीच्या आधी विचारायला हवेत. ‘आधी साधी व्हॅन म्हणून पासिंग करू, मग आतले काम करू’ असे कोणी सुचवले, तर तिथून उठलेले बरे. विम्याचेही तसेच. आत बसवलेली महागडी उपकरणे पॉलिसीत नोंदवलेली नसतील, तर चोरी किंवा अपघातानंतर त्यांची भरपाई मागताना अडचण येते. खासगी वापराची गाडी ‘एरवी उभीच असते’ म्हणून भाड्याने देण्याचा विचार असेल, तर नोंदणी, परवाना आणि विमा या तिन्हींचे स्वरूप बदलते. तेही ऑर्डर देतानाच ठरवावे लागते.

वजनाचा हिशेब का महत्त्वाचा?

प्रत्येक पर्यायाची किंमत दोनदा मोजावी लागते, एकदा रुपयांत आणि एकदा किलोंत. वाहनाचे कमाल मान्य वजन ठरलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती मर्यादा. उदाहरणादाखल ती १,२०० किलो धरू. भिंती, पलंग, कपाटे आणि ओटा यांचे ५०० किलो, एसी, बॅटरी, इन्व्हर्टर व सौर पॅनेल मिळून १५०, पाण्याची भरलेली टाकी १२०, पाच जणांचे कुटुंब ३००, अंथरूण-पांघरूण, भांडी आणि सामान १५०. बेरीज १,२२०. म्हणजे मोठा फ्रिज किंवा सायकलींचा स्टँड घेण्याआधीच मर्यादा ओलांडली.

सपाट रस्त्यावर हे जाणवणार नाही. कोल्हापूरहून आंबा घाट किंवा कराडहून कुंभार्ली घाट उतरताना मात्र जादा वजन ब्रेक तापवते. जड वस्तू, म्हणजे बॅटरी आणि पाण्याची टाकी, खाली आणि दोन्ही आसांच्या मधे असाव्यात. छतावर किंवा अगदी मागे नसाव्यात. हे नंतर बदलता येत नाही, म्हणून त्यांची जागा नकाशावरच पाहून घ्यावी.

चालवण्याच्या परवान्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे वाहन चालवता येते. त्यामुळे व्हॅनवर बांधलेल्या कौटुंबिक कॅराव्हॅनला सहसा वेगळा परवाना लागत नाही. बसच्या चॅसिसवर बांधायची असेल, तर आकडा तपासून घ्यावा.

झोपायच्या जागा आणि बसायच्या जागा यांत फरक काय?

जाहिरातीत ‘सहा जणांसाठी’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते झोपण्यासाठी की बसण्यासाठी, हे विचारावे. पलंग थांबलेल्या गाडीसाठी असतो. चालत्या गाडीत प्रत्येकाला पुढे तोंड असलेले, चॅसिसला पक्के बांधलेले आणि सीटबेल्ट असलेले आसन हवे. १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेणे हा दंडनीय गुन्हा आहे. लहान मूल असेल तर बालआसन अडकवण्याची आयसोफिक्स सोय मागावी. आसनांचे नट-बोल्ट जमिनीखालच्या पोलादी पट्ट्यांत बसतात आणि त्या पट्ट्या बांधणीच्या वेळीच टाकाव्या लागतात. खर्च कुठे कमी करायचा हा प्रश्न आला, तर कात्री टीव्हीला लावावी. आसनांना लावू नये.

घरात ज्येष्ठ असतील, तर दाराशी खाली येणारी पायरी, आत शिरताच हाताला लागणारी दांडी आणि वरच्या बंकऐवजी खालचा पलंग हे पर्याय सजावटीपेक्षा कितीतरी उपयोगी ठरतात.

एसी, बॅटरी, सौर पॅनेल : विजेचे गणित काय?

इंजिन बंद ठेवून रात्रभर एसी चालेल, हे सर्वात मोहक आश्वासन. गणित साधे आहे. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट वीज. कॉम्प्रेसर चालू असताना एसी तासाला एक युनिटच्या आसपास घेतो. खोली थंड झाल्यावर इन्व्हर्टर एसीचा वापर उतरतो हे खरे, तरीही मे महिन्यातल्या दमट रात्री ही बॅटरी पहाटेपर्यंत पुरणे कठीण. छतावरची ४०० वॉटची सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देतात. आषाढात त्यांच्याकडून फार अपेक्षा धरू नये.

याउलट दिवे, १२ व्होल्टचा फ्रिज आणि दोन बीएलडीसी पंखे यांचे दिवसभराचे काम साधारण एका युनिटमध्ये भागते. म्हणजे तीच बॅटरी दोन दिवस सहज चालते. तेव्हा एसी मुक्कामाच्या ठिकाणच्या १६ अँपिअरच्या जोडणीवर चालवायचा आणि बाकी सारे बॅटरीवर, असे नियोजन बहुतेक कुटुंबांना परवडते. बाहेरून वीज घेण्याचे झाकणबंद सॉकेट, अर्थ लीकेज ब्रेकर आणि चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर हे तीन पर्याय मात्र आत्ताच घ्यावेत. पॅनेल नंतर वाढवायचे असतील, तर त्यांची वायर छतापर्यंत आधीच ओढून ठेवायला सांगावे.

पाणी आणि शौचालयाचे काय?

चौघांच्या कुटुंबाने माणशी २५ लिटर वापरले, तरी १०० लिटरची टाकी एका दिवसात संपते. ‘टाकी मोठी घ्या’ हा सल्ला मिळतो, पण प्रत्येक लिटरमागे एक किलो वाढतो. त्यापेक्षा बाहेरून सहज भरता येणारी मध्यम टाकी, तिची पातळी दाखवणारा काटा आणि सांडपाण्यासाठी जवळपास तेवढीच दुसरी टाकी बरी.

शौचालयात कॅसेट पद्धत सोपी. बाहेरच्या दारातून वीसेक लिटरचा डबा ओढून काढता येतो. चौघांत तो दोन दिवस पुरतो. तो रिकामा करायचा कुठे, हा खरा प्रश्न. उत्तर एकच, मुक्कामाच्या ठिकाणचे शौचालय किंवा सेप्टिक टँक, तेही मालकाला विचारून. पुळणीत, पऱ्ह्यात किंवा रस्त्याकडेला नव्हे. ज्या किनाऱ्यासाठी गाडी घेतली, तोच घाण करून पुढे जायचे असेल, तर या खर्चाला अर्थ उरत नाही.

कोकणच्या हवेसाठी काय मागावे?

रत्नागिरीत वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्यालगत उभी राहणारी गाडी बाराही महिने खाऱ्या वाऱ्यात असते. त्यामुळे इथल्या ग्राहकाची यादी पुण्या-नागपूरच्या ग्राहकापेक्षा वेगळी असायला हवी. चॅसिस आणि तळाला गंजरोधक लेप फ्लोअरिंग बसण्याआधी लावून घ्यावा. नंतर पोहोचता न येणाऱ्या सांध्यांतच गंज सुरू होतो. बाहेरच्या बिजागऱ्या, कड्या, स्क्रू साध्या ३०४ ऐवजी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागावेत. खाऱ्या हवेत ते अधिक टिकतात. प्लायवूड आयएस ७१० म्हणजे मरीन प्रतीचे असावे.

छताला जितकी भोके, तितक्या गळतीच्या जागा. एसी, हवा खेचणारा पंखा, पॅनेलची वायर यांसाठी लागतील तेवढीच भोके कारखान्यात, एकाच वेळी, कडा उचलून सील केलेली असावीत. नंतर कोणी ड्रिल चालवले, तर गळती तर होतेच, शिवाय बॉडीची वॉरंटीही धोक्यात येते.

तिसरी गोष्ट आकाराची. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला या फेरीबोटींनी खाडी ओलांडली की मोठा वळसा वाचतो. पण ओहोटीच्या वेळी जेटीचा उतार तीव्र होतो आणि मागच्या चाकापासून लांब गेलेली शेपूट, खाली लोंबणारी सांडपाण्याची टाकी किंवा बाहेर आलेली पायरी तिथे घासते. वाडीत शिरणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांत अडकलेला असतो आणि वर आंब्या-फणसाच्या फांद्या. लांबी, रुंदी, उंची आणि मागचा बाहेर गेलेला भाग हे चार आकडे घेऊन आधी आपल्या घरापर्यंतचा रस्ता मोजून यावे.

कोणते पर्याय नंतर घेता येतील?

नियम सोपा ठेवावा. जे भिंतीआड, जमिनीखाली किंवा छतात जाते ते आत्ता. जे स्क्रू काढून बदलता येते ते नंतर. ऑनिंग, म्हणजे बाजूला उघडणारे कापडी छत, कारखान्यातूनच हवे असे नाही. भिंतीत त्याच्यासाठी आधारपट्टी मात्र असावी. टीव्ही, म्युझिक सिस्टिम, रंगीत दिवे, मायक्रोवेव्ह यांची गरज दोन-तीन प्रवासांनंतरच कळते. स्वयंपाकासाठी गॅस घेणार असाल, तर सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा हवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. गळती सांगणारा सेन्सरही आत्ताच बसवावा. यात तडजोड नको.

ताबा घेताना दोन चाचण्या आग्रहाने कराव्यात. एक, छतावर आणि खिडक्यांवर अर्धा तास पाण्याचा मारा. दोन, टाकी भरून वजनकाट्यावर गाडी चढवणे आणि पावती घेणे.

जबाबदारी फक्त ग्राहकाची का?

नाही. भरल्या टाकीसह गाडीचे वजन, शिल्लक भारक्षमता आणि बेल्ट असलेल्या आसनांची संख्या हे तीन आकडे प्रत्येक बॉडी बिल्डरने दरपत्रकावरच छापायला हवेत. आज ग्राहकाला पलंगाच्या कापडाचे दहा नमुने दाखवले जातात आणि वजन विचारले की ‘काही टेन्शन नाही’ असे उत्तर मिळू शकते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. कॅराव्हॅन पार्कांत पाणी, रस्ता आणि वीजजोडणी असावी, हे त्यात अभिप्रेत आहे. पण किनाऱ्यावरच्या तालुक्यांत रात्री सुरक्षित थांबायची, वीज घ्यायची आणि मैला रिकामा करायची जागा जवळपास नसेल, तर प्रत्येक कुटुंब मोठी बॅटरी, मोठी टाकी, मोठी गाडी घेत राहील आणि तीच अरुंद रस्त्यावर अडकेल. मुक्कामाच्या सोयी वाढल्या, की गाडीवरचा भार आणि कुटुंबाचा खर्च दोन्ही कमी होतील. तोवर ऑर्डरच्या कागदावर सही करण्याआधी वजनाची बेरीज स्वतः मांडून पाहणे, हाच शहाणपणा.