मालवणला निघालात? आधी तुमची रजा मंजूर करून घ्या!



मुलांच्या परीक्षा संपत आल्या, की घरोघरी एकच विषय निघतो. यंदा कुठं जायचं? अलीकडे बऱ्याच घरांतून उत्तर येतं, "मालवणला!" समुद्र आहे, किल्ला आहे, ताजे मासे आहेत आणि खर्चही आटोक्यातला. मग कुठं उतरायचं, किती दिवस पुरतील, बरोबर काय न्यायचं, अशी विचारणा सुरू होते. आज या साऱ्याची उत्तरं देणार आहेच. पण त्याआधी एक प्रश्न मीच तुम्हाला विचारते. या आठ दिवसांत तुमची स्वतःची सुट्टी किती दिवसांची?

हसू नका हं! मागची सहल जरा आठवून बघा. आदल्या रात्री बारापर्यंत दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. गाडीत पाण्याच्या बाटल्या, औषधं, रुमाल, सगळं तुमच्याच पिशवीत. समुद्रावर घरची मंडळी पाण्यात आणि तुम्ही वाळूत, सगळ्यांच्या चपला, घड्याळं नि चष्मे राखत. परत आल्यावर वाळूचे कपडे बादलीत भिजत घातले तेही तुम्हीच. यजमान ताजेतवाने होऊन कामावर गेले आणि तुमची कंबर मात्र धरली ती धरलीच.

घरातल्या कमावत्या माणसाच्या रजेला कायद्याचा आधार असतो. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानं कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. फ्रान्समध्ये १९३६ च्या जून महिन्यात असाच कायदा झाला. साऱ्या कामगारांना वर्षाकाठी पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली, सवलतीचं रेल्वे तिकीटही मिळालं, आणि कितीतरी कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. पुढं १९५१ साली तिथल्या आल्प्सच्या डोंगराळ भागात, शहरातल्या कुटुंबांना सुट्टीपुरतं खेड्यातलं घर भाड्यानं देण्याची पद्धत सुरू झाली. अशा घराला तिकडे 'जीत' म्हणतात. १९५५ मध्ये त्यांची देशभराची संघटनाही उभी राहिली. खेड्यातली जुनी घरं टिकली, गावाला चार पैसे मिळू लागले. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. त्या घरात स्वैपाक पाहुण्यांनीच करायचा असतो. म्हणजे तिकडच्या बाईची चूल तिच्या मागोमाग सुट्टीवर जातेच!

आपल्या कोकणातली पद्धत या बाबतीत उजवी आहे. 'निवास व न्याहारी' योजनेखाली, आणि तिच्याबाहेरही, मालवण, तारकर्ली, देवबाग भागात लोक आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात आणि जेवणही घरचंच वाढतात. तेव्हा स्टोव्ह, तांदूळ, मसाल्याचे डबे बरोबर घेण्याचं कारण नाही. ती यादी आजच फाडून टाका.

कधी जावं, कसं जावं

हवा सुखाची हवी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मुलांच्या शाळांमुळे मे महिनाच मिळत असेल, तर उकाडा सोसायची तयारी ठेवा. आंबे, फणस, रतांबे याच दिवसांत असतात, तो फायदा. मात्र मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत परत फिरा. साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीचीही बंदी असते, म्हणजे ताजी सुरमई मिळेलच असं नाही.

एकेकाळी मुंबईहून मालवणला जायचं म्हणजे बोटीनं. किनाऱ्यापासून लांब उभ्या राहिलेल्या बोटीतून पडावात उतरायचं, पोरंबाळं नि ट्रंका सांभाळत. नंतर एस.टी.ची रात्र रात्र बैठक आली. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि हा त्रास संपला. मुंबई-ठाण्याच्या मैत्रिणींनी कुडाळ किंवा कणकवलीला उतरावं. तिथून मालवणला एस.टी. आहे, रिक्षा आहेत. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना गगनबावडा किंवा फोंडा घाट, बेळगावकडून आंबोली घाट. घाटात मुलांना उलट्या होतात, म्हणून निघताना पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. कोरडी इडली किंवा भाकरीचा तुकडा द्यावा, दूध नको. आवळासुपारी, लिंबू आणि जुने रुमाल हाताशी असू द्या. आणि हो, ती पिशवी यजमानांच्या मांडीवर!

मुक्काम दोनच

आठ दिवसांत विजयदुर्गापासून रेडीपर्यंत सारा किनारा पालथा घालायचा, असा बेत पुरुष मंडळी नकाशावर बोट ठेवून झटकन करतात. पण प्रत्येक मुक्काम बदलला की बॅगा उपसायच्या नि भरायच्या कुणी? म्हणून माझं सांगणं, मुक्काम दोनच ठेवा. चार-पाच दिवस मालवण-तारकर्लीकडे आणि उरलेले वेंगुर्ला किंवा सावंतवाडीला.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ला सकाळी लवकर करावा, ऊन चढण्याआधी. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर आहे. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याचे झरे, याचं मुलांना फार नवल वाटतं. शिवराजेश्वराचं देऊळ आतच आहे. "तुम्ही या बघून, मी बसते इथं सावलीत," असं म्हणू नका. टाचेचे सँडल घरी ठेवा, पाठीमागे पट्टा असलेल्या चपला घाला आणि तटावर चढा.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांत लपलेली घरं. तिथं संध्याकाळी काही 'बघायचं' नसतं. नुसतं बसायचं असतं. एक दिवस धामापूरच्या तलावाकाठी, भगवतीच्या देवळापाशी घालवा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीत मोती तलाव, राजवाडा, गंजिफा आणि चितारआळीतली लाकडी खेळणी. मुलीला प्लॅस्टिकच्या बाहुलीऐवजी लाकडी भातुकली घ्या, आणि भातुकली मुलालाही चालते बरं!

वयनीचाही विचार

खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारून घ्याव्यात. जिने किती आहेत, संडास कोणत्या पद्धतीचा आहे (सासूबाईंचे गुडघे!), गरम पाणी मिळतं का, आणि दरात कोणती जेवणं धरली आहेत. माशांचा भाव रोज बदलतो. सुरमई-पापलेटची थाळी मागवण्याआधी दर विचारण्यात काही कमीपणा नाही. बांगडा तिरफळ घालून केलेला असला, तर तो पापलेटच्या तोंडात मारेल! शाकाहारी मंडळींनीही घाबरू नये. काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, आंबोळ्या, रस-शिरवाळे आणि सोलकढी यांवर चार दिवस कसे जातात ते कळतही नाही.

आता जरा मनाला लावून घ्या अशी गोष्ट. तुम्हाला गरम घावणे वाढणारी जी वयनी आहे, ती तुमच्यासारखीच कुणाची तरी सून, कुणाची तरी आई आहे. मे महिन्यात तिच्याकडे एक तुकडी गेली की दुसरी येते. पहाटे नारळ खवण्यापासून रात्री भांडी उपडी घालेपर्यंत तिला बसायला मिळत नाही. तिच्या मुलांचीही शाळा बंदच असते, पण त्यांना घेऊन ती कुठं जाणार? आपल्याला रजा मिळावी म्हणून दुसरीनं दुप्पट राबावं, हे काही बरोबर नाही. पैसे मोजले म्हणजे सारं झालं, असंही नाही.

म्हणून काही पथ्यं पाळा. किती माणसं जेवणार, हे सकाळीच सांगा. रात्री दहाला येऊन "अजून दोन थाळ्या होतील का?" असं विचारू नका. कोंबडी-वडे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. तीन माणसांनी तीन वेगळ्या भाज्या मागू नयेत. दर ठरला असेल तो हसतमुखानं द्या, घासाघीस मालवणच्या बाजारात करावी. पाककृती जरूर विचारा, पण ती मोकळी असेल तेव्हा. आणि निघताना जेवण आवडल्याचं तिला स्वतःला सांगा, नुसतं तिच्या नवऱ्याला नको.

पाण्यात उतरा

किनाऱ्यावर चपला राखायची पाळी लावून घ्या. अर्धा तास यजमान, अर्धा तास थोरला मुलगा, अर्धा तास तुम्ही. सुती सलवार-कमीज किंवा जुना गडद रंगाचा गाऊन पाण्यात बरा पडतो. साडी पायात गुंतते, ती नको. मंगळसूत्र, बांगड्या खोलीवर कुलपात ठेवा. अडचणीचे दिवस सहलीत येणार असतील, तर ते पुढं ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीनं सांगितल्या म्हणून घेऊ नका. डॉक्टरांना विचारूनच घ्या, नाहीतर त्या दिवशी पाण्याऐवजी तलाव, देऊळ, बाजार करा.

समुद्राशी मात्र धिटाई नको. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. बोटीत बसण्याआधी प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट चढलं आहे आणि त्याचे पट्टे आवळले आहेत, हे स्वतः बघा. माणसं जास्त कोंबली असतील तर खाली उतरा, भिडेखातर बसू नका. भरती-ओहोटीची वेळ नि कुठं पाय टाकू नये हे गावच्या माणसाला विचारा, आणि त्यानं नको म्हटलं की नको.

गावच्या घरी जाणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी कित्येकींचं सासरच मालवणाकडे असेल. तिथं मुक्काम निवास-न्याहारीचा नाही, वीस माणसांच्या घराचा! मुंबईहून चाकरमानी आले की घर भरतं, आणि सुनांचा महिना चुलीपाशी जातो. तिथं एकटीनं तक्रार करून भागत नाही. जावा-जावांनी मिळून पाळ्या ठरवाव्यात. दोघींनी रांधायचं तेव्हा दोघींनी समुद्रावर जायचं, दुसऱ्या दिवशी उलट. पुरुषांकडे बाजार, पाणी आणि नारळ सोलणं. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. त्यांनीही सून म्हणून हेच दिवस काढलेले असतात.

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल मिळाला की सारा गाव घरं बंद करून, गुराढोरांसकट, तीन दिवस नि तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतो. अख्ख्या गावाची घरं जर तीन दिवस बंद राहू शकतात, तर एका घराचा स्वैपाक चार दिवस दुसऱ्यानं केल्यानं काही बिघडत नाही!

येताना

शेजारीपाजारी यादी देतील, ती घ्या, पण "मिळालं तर आणीन" एवढंच म्हणा. घरच्यासाठी आमसुलं, आगळ, मालवणी मसाला, थोडे काजू आणि मुलांना खाजा पुरे. आमसुलं चांगली मऊ, काळपट लाल बघून घ्यावीत नि कोरड्या काचेच्या बरणीत भरावीत. ओला चमचा लागला की बुरशी आलीच. आंब्याची पेटी घेताना देवगड नाव वाचून भुलू नका. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जमलं तर बागायतदाराकडूनच घ्या आणि पेटीचा खालचा थरही बघा.

आणि शेवटची गोष्ट, तीही निघण्यापूर्वीच ठरवायची. शाळा-ऑफिस ज्या दिवशी सुरू होणार, त्याच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी घरी पोचा. दहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येकानं आपापली बॅग स्वतः रिकामी करायची. त्या रात्रीची खिचडी यजमानांनी टाकायची. तांदूळ-डाळीचं प्रमाण कागदावर लिहून फडताळाच्या दाराला चिकटवून ठेवा, म्हणजे "जरा येऊन बघतेस का?" अशी हाक येणार नाही. आली, तरी उठू नका. तुमची रजा अजून संपलेली नाही.