चीनमध्ये मोडलं ते काय?

शाखांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. चीनने कम्यून मोडले, शेती घरोघर वाटली, मग आपण अजून एकत्र कसण्याचं का बोलतो? शहरातली वर्तमानपत्रं तर खूश आहेत, जणू तिकडं जमीनदारच परत आले!

आधी जमिनीचं पाहू. १९५० च्या कायद्यानं जमीनदारांची जमीन काढून सुमारे ३० कोटी भूमिहीन व गरीब शेतकऱ्यांना वाटली गेली. माणशी सरासरी पंधरा गुंठे. एवढ्यावर बैलजोडी कुणाला परवडणार? म्हणून शेजारच्या घरांनी मिळून राबायचे गट झाले, त्यातून सहकारी शेती. इथवर लोक बऱ्याच ठिकाणी आपल्या पायांनी चालले. १९५५ नंतर मात्र वरून घाई झाली आणि १९५८ साली हजारो घरांचे कम्यून उभे राहिले.

खरा प्रश्न वरकडाचा आहे. गावानं पिकवलं, गावानं खाल्लं, उरलं ते कुठं गेलं? १९५३ पासून धान्य सरकारच विकत घेई, सरकारच्याच भावानं. कमी भावातून वाचलेला पैसा कारखान्यांत जाई. कारखाने लागतात, हे आम्हालाही कळतं. पण किती न्यायचं हे गाव ठरवत नव्हतं. १९५८-५९ मध्ये कार्यकर्त्यांनी वर खूश व्हावं म्हणून पिकाचे फुगवलेले आकडे कळवले, त्या आकड्यांवर धान्य उचललं गेलं, आणि गावांत लोक उपाशी मेले. लाखांत नव्हे, कोटींत. संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी माओंना पत्र लिहून हे मांडलं, तर त्यांनाच पदावरून काढलं. दुष्काळ होता असं म्हणून हे झाकू नये. आपल्या डाव्या मित्रांनी तर मुळीच नाही.

आता १९७८ नंतरचं. आन्हुई प्रांतात घरटी जमीन कसायला देणं सुरू झालं, पुढं देशभर झालं. पीक १९७८ च्या सुमारे ३० कोटी टनांवरून १९८३ साली ३८ कोटींच्या वर गेलं. घरच्या कष्टाचं घरी येतं म्हटल्यावर माणूस जास्त राबतो, हे खरंच. पण १९७९ साली सरकारनं धान्याचा खरेदीभाव वीस टक्क्यांनी वाढवला, हेही त्यात आहे. आणि कालवे, बांध? ते एकत्र राबूनच झालेले.

जमीन मात्र विकता येत नाही. मालकी गावाची, कसणं घराचं. १९८४ साली मुदत पंधरा वर्षांची केली. म्हणजे तेव्हा सावकाराला लिहून द्यायला कागदच नव्हता. आपल्याकडं १९७४ च्या कायद्यानं परत मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही खरी, पण तोंडी गहाण पडतेच, कारण पेरणीला बी नाही नि बैल नाही.

एक गोष्ट आम्हाला खटकते. कम्यूनमध्ये बाईच्या कामाचे गुण पुरुषापेक्षा कमी धरत, तो अन्यायच. पण ते तिच्या नावावर मांडले जात. आता करार घराशी होतो, नि घर म्हणजे बहुतेक ठिकाणी पुरुष.

तेव्हा पावसाच्या आधी प्रत्येक शाखेनं दोन गोष्टींवर ठराव करून पाठवावेत: बी नि बैल सामाईक ठेवायचे का, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायचं कसं. बैठकीला बायका असल्याशिवाय दुसरा ठराव घेऊ नये.