तंजावर की बडोदे?

दरवर्षी दिवाळीच्या सुटीनंतर मराठी विभागाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. एम.ए.च्या विद्यार्थ्यांची अभ्याससहल कुठे न्यायची? या वेळी दोन नावे पुढे आली आणि विभागात सरळ दोन तट पडले. एक तट तंजावरचा, दुसरा बडोद्याचा. हाती पाच दिवस, आणि पैसे मुलांच्याच खिशातले. आमचे महाविद्यालय नाशिक जिल्ह्यातले. वर्गातली निम्मीअधिक मुले शेतकरी घरांतली आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी राज्याची सीमा अजून ओलांडलेली नाही. त्यामुळे निवड चुकली तर ती फिरून दुरुस्त करता येईलच, असे नाही.

तंजावरच्या बाजूने जे बोलले गेले ते वजनदार होते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तिथे राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत, तमिळ मुलखाच्या ऐन मध्यावर, मराठी ही राजघराण्याची भाषा राहिली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ही आपल्या नाट्येतिहासाची रूढ सुरुवात. पण तंजावरचे शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) त्याआधी सुमारे दीडशे वर्षे मराठीत नाटके लिहीत होते. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा भला थोरला मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी समृद्ध केलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह आहे. वाङ्मयेतिहासाच्या पेपरात दोन परिच्छेदांत उरकले जाणारे हे सारे मुलांनी डोळ्यांनी पाहावे, असे कोणत्या अध्यापकाला वाटणार नाही? त्यातून २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून अशा स्थळांविषयीची ओढ वाढली आहे, आणि ती स्वाभाविकही आहे.

आम्हीही आरंभी तंजावरच्याच बाजूचे होतो. आमचे मत फिरवले ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने. तिने विचारले, ‘‘तिथली मराठी कागदपत्रे मोडीत आहेत ना? मग आपण तिथे जाऊन वाचणार काय?’’ उत्तर आमच्यापाशी नव्हते. वर्गात एकालाही मोडी येत नाही; विभागातल्या आम्हा चौघांपैकी एकाला अडखळत येते. जाण्यायेण्यातच अडीच-तीन दिवस खर्ची पडणार. उरलेल्या दोन दिवसांत आम्ही काचेच्या कपाटापुढे उभे राहणार, मुले छायाचित्रे काढणार आणि ‘केवढी ही आपली मराठी!’ असे म्हणत परतणार. अभिमानासाठी एवढे पुरते. अभ्यास मात्र मोडीची बाराखडी गिरवल्यावाचून सुरू होत नाही.

बडोदे एका रात्रीच्या प्रवासावर आहे. जवळ आहे म्हणूनच ते सहलीला कमी प्रतीचे वाटते, हा आपला जुना दोष. ज्या सयाजीरावांनी ते घडवले ते आमच्याच जिल्ह्यातल्या कौळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ साली दत्तक गेले. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून गावोगाव ग्रंथालये पोहोचवली. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ स्वतः वाचून दाखवला तोही याच राजाला. पुस्तकाच्या उपोद्घातात तशी नोंद आहे. असूड आमच्या मुलांच्या अभ्यासक्रमात आहे. त्यातले शेतकऱ्याचे घर त्यांनी पाहिलेले आहे. तो ऐकणाऱ्या राजाचे नगर पाहिले तर त्या पाठाला दुसरी बाजू मिळेल.

पण बडोदे केवळ गौरवाचे गाव नाही, आणि आमच्या मते हेच त्याच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावले गेले आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठीबागेत काढला. राजा उदार, पण त्याच्या राजधानीत एका खोलीचे दार उघडत नाही. सुधारणा हुकमाने कुठवर जाते आणि कुठे अडते, हा प्रश्न व्याख्यानातून जितका पोहोचतो त्याहून त्या बागेत उभे राहून अधिक पोहोचेल. राजवाडा पाहण्याआधी मुलांना तिथे न्यावे, असे आम्ही सुचवले आहे.

सहकाऱ्यांचा एक आक्षेप रास्त आहे. बडोदे मराठी माणसाला परके वाटत नाही; १९०९ आणि २०१८ साली तिथे साहित्य संमेलने भरली. आपली भाषा परमुलखात कशी रुजते, कशी मिसळते, कशी विरत जाते, हे पाहायचे तर तंजावरच हवे. हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच ते दोन दिवसांत उरकू नये.

तेव्हा आमचे मत असे : यंदा बडोदे. आणि येत्या जूनपासून दर शनिवारी एक तास मोडीचा, विद्यार्थ्यांसाठी आणि आम्हा अध्यापकांसाठीही. दोन वर्षांनी जी तुकडी एखादे मोडी पत्र अडखळत का होईना वाचू शकेल, तिने तंजावरला जावे. प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी तोवर उत्तीर्ण होऊन गेलेली असेल. तिला मात्र आम्ही त्या वेळी कळवू.