राजकारण नको, शुभेच्छा द्या!

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढणे शिष्टसंमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण फराळाच्या ताटाशी माणसे निदान एकमेकांची तोंडे पाहतात, म्हणून बोलून घेतो. आमच्या मोऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पाटी लागली आहे : ‘कृपया राजकारण नको.’ या पाटीशी माझे वैर आहे.

मोरा म्हणजे उरणचे बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासाभराने येथे लागते. ओहोटी मोठी असली तर गाळामुळे लागतही नाही. या लाँचमध्ये मी जेवढे राजकारण ऐकले तेवढे एखाद्या आमदाराने विधानसभेत ऐकले नसेल! शेकापचा म्हातारा, शिवसेनेचा पोरगा, काँग्रेसवाले गुरुजी, आणि टोपलीवर हात टेकून या तिघांनाही गप्प करणारी एखादी कोळीण. शिव्यागाळी व्हायची, पण धक्का येईपर्यंत उठून जाणार कुठे? लाँचमधून ‘लेफ्ट’ होता येत नाही. शिवी ऐकता ऐकता समोरच्याचे म्हणणेही कानावर पडे.

फोनचा मी शत्रू नव्हे. घरी भात शिजवणाऱ्या सुनेला लाँचमध्ये बाक नव्हता. ग्रुपने तो दिला. पहिली दोन-तीन वर्षे काय प्रश्न विचारले जात! नळाला पाणी का नाही, गाळ केव्हा काढणार, साडेबारा टक्क्यांची फाईल कुणाच्या टेबलावर निजली आहे? २०२१ साली विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून १० जूनला मानवी साखळी झाली, २४ जूनला बेलापुरात सिडकोवर माणसे लोटली. कुठे जमायचे, भाकऱ्या कोण नेणार, हे सारे आमच्याकडे फोनवरच ठरले.

मग हळूहळू प्रश्न आटले आणि ‘फॉरवर्ड’ वाढले. पाठवणारा गावचा, मजकूर कुणाचा ते देव जाणे. २०२२ साली शिवसेना फुटली, पुढल्या साली राष्ट्रवादी फुटली, आणि एका छपराखालची माणसे शेजारच्या खोल्यांतून एकमेकांना फोनवर दूषणे देऊ लागली. गंमत अशी की त्या साऱ्या भांडणात मोऱ्याचा उल्लेख शोधून सापडायचा नाही.

आणि यावर उपाय काय काढला? भाड्याने आणलेले भांडण हाकलण्याऐवजी घरचा प्रश्नच बाहेर काढला. एका ताईंनी रो-रो जेटीचे काम का रखडले, म्हणून विचारले. दहा मिनिटांत जोडलेल्या हातांचे चित्र : ‘ताई, राजकारण नको.’ त्याच संध्याकाळी एका पुढाऱ्याच्या छबीसह दीपावलीच्या शुभेच्छा आल्या. खाली बारा कार्यकर्त्यांचे गोल गोल फोटो. ते मात्र राजकारण नव्हे हो, ते संस्कृतीचे काम!

ॲडमिन मंडळी म्हणतात, ‘उद्या आमच्यावर केस झाली तर?’ अहो, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ सालीच सांगितले आहे की, संगनमत नसेल तर सभासदाच्या मजकुराबद्दल ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. दुसरे म्हणणे अफवांचे, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या फोनवरल्या अफवांनी पेटलेल्या जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. पण त्या अफवेत राजकारण कुठे होते? तेथे हवा होता तो ‘हे तुला कुणी सांगितले?’ असे खडसावून विचारणारा. प्रश्न विचारायची सवयच मोडली, तर असा माणूस आयत्या वेळी आणणार कुठून?

हे पुन्हा आम्ही उरणकरांनी करावे! १९७० साली सिडको आली. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी याच तालुक्यात पाच शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या छातीवर झेलल्या. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून आला. तो भूखंड विकून घेतलेल्या फोनवर ‘राजकारण नको’ असे लिहिताना बोट कसे अडखळत नाही, हे मला कळत नाही.

माझे मागणे साधे आहे : पाटी उलटी लावा. दिल्लीहून आलेले काही पुढे ढकलू नका, मोऱ्याचे काय वाटेल ते विचारा. पुढाऱ्यांच्या शुभेच्छा त्यांच्या त्यांच्या घरी राहू द्या. आणि त्या ताईंना जेटीचे उत्तर अद्याप कुणी दिलेले नाही, तेवढे आधी द्या.