शिक्षकाची श्रद्धा

शिक्षकाच्या मेजावर तपासावयाच्या वह्यांचा ढीग नेहमीच असतो. परंतु त्याच्या स्वतःच्या कामाची वही तपासून ती त्याच्या हाती परत देणारा कोणी नसतो. आमच्या लांजीच्या परिसरातील शेतकरी आषाढात धानाची रोवणी करतो आणि दिवाळीच्या सुमारास लोंब्या हातात घेऊन आपल्या श्रमांचे मोल जाणतो. शिक्षकाचे पीक मात्र पंधरा-वीस वर्षांनी तयार होते, आणि तेही बहुधा दुसऱ्याच गावी. आज पेरलेला शब्द रुजला की वाळून गेला, हे त्याला पुष्कळदा कधीच कळत नाही. परीक्षेचे गुण असतात हे खरे. पण गुण हे पिकाचे माप नव्हे, फार तर ते एका वर्षीच्या पावसाचे माप होय.

ज्याचे फळ दिसत नाही असे काम वर्षानुवर्षे उत्साहाने कसे करावे, हा शिक्षकाच्या जीवनातील मुख्य प्रश्न आहे असे आम्हांस वाटते. अपुरी साधने, मोठे वर्ग, निवडणुकीची व गणनेची कामे, मोबाईलवर वेळोवेळी भरून पाठवावयाची माहिती, यांचा शीण असतोच. पण त्याहून अधिक शीण 'आपल्या करण्याने काही होते काय?' या शंकेचा असतो. या शंकेशी झुंजताना ज्या एका गोष्टीने आम्हांस आधार दिला, त्या श्रद्धेविषयी चार शब्द येथे लिहिण्याचे योजिले आहे.

आमची मायबोली कोंकणी. समुद्र सोडून आम्ही या धानाच्या मुलुखात आलो, तेव्हा लांजी हे नाव ऐकून आमच्या कित्येक नातलगांना रत्नागिरी जिल्ह्यातील लांजेच वाटले आणि इतक्या जवळ असून हे लोक घरी का येत नाहीत, असा त्यांचा रुसवा झाला! येथे आल्यावर पाहतो तो दुकानांच्या पाट्या हिंदी, पुष्कळ घरांतील बोलणे मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. पण सीमेची रेघ माणसांच्या जिभेवरून थोडीच ओढता येते! श्रावणात कोटेश्वराच्या दर्शनास लोटणारी गर्दी पाहिली तेव्हा आम्हांस आमच्या गावच्या देवळाची आठवण झाली आणि परकेपणा पुष्कळ कमी झाला.

कोंकणीत कोणाचे आभार मानावयाचे झाले की आम्ही 'देव बरें करूं' असे म्हणतो. आमच्याकडील हिंदू म्हणतो, ख्रिस्ती शेजारीही म्हणतो. या तीन शब्दांचा अर्थ लहानपणी कधी मनात आला नाही. शिक्षक झाल्यावर तो उमगला. तू माझ्यासाठी जे केलेस त्याची पुरती फेड माझ्या हातून होणार नाही, ती देव करो, असा तो भाव आहे. शिक्षकाने दररोज वर्गाबाहेर पडताना मनाशी म्हणावे असेच हे वाक्य आहे. आपल्याकडून होण्याजोगे ते सारे केले. उरलेले बरे करणारा दुसरा कोणी आहे. असा भार खाली ठेवता आला म्हणजे रात्री झोप येते आणि सकाळी पुन्हा तोच भार उचलण्यास हात तयार असतात.

परंतु श्रद्धा म्हणजे केवळ विसावा असे कोणी समजू नये. एका पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, आमच्या वर्गातील एक मुलगा लागोपाठ तिसऱ्या दिवशी उशिरा आला. पायाला चिखल, वही ओली. आम्ही संतापाने सर्व वर्गासमक्ष त्यास म्हणालो, ''शाळा तुझ्यासारख्यांसाठी नाही.'' तो काही बोलला नाही; खाली मान घालून जागेवर बसला. तो पहाटेपासून बांधीत राबून शाळेत येत होता, हे आम्हांस मधल्या सुटीत इतर मुलांकडून कळले. त्या संध्याकाळी घरी देवापुढे दिवा लावला, पण नेहमीचे स्तोत्र काही केल्या ओठांवर येईना. ज्या तोंडाने एका लेकराला शाळेबाहेरचे ठरविले, त्याच तोंडाने देवाचे नाव कसे घ्यावे? दुसऱ्या दिवशी त्याच वर्गासमोर आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली.

यानंतर तो मुलगा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला असे लिहिता आले असते, तर गोष्ट शोभिवंत झाली असती. तसे काही घडले नाही. रोवणी संपेपर्यंत तो उशिराच येत राहिला. पण येत राहिला. आमच्या श्रद्धेने त्या दिवशी आमचे सांत्वन केले नाही, उलट आम्हांस बेचैन केले. आणि आमच्या मते तिने आमच्यावर केलेला सर्वांत मोठा उपकार तोच होय. जी श्रद्धा शिक्षकाला दुबळ्या मुलाकडे पुन्हा वळून पाहावयास लावीत नाही, ती देवघरातच संपली असे समजावे.

या संदर्भात साने गुरुजींचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कोकणातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तेथे त्यांच्याकडे छात्रालयही होते. मुलांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त सामान नीट लावणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, या गोष्टी त्यांनी पूजेच्या भावनेने केल्या. त्यांची देवभक्ती आईच्या मांडीवर शिकलेली होती. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती अठरा प्रवचने उतरून घेणारा हात याच शिक्षकाचा होता. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. छात्रालयातील केर काढणारी श्रद्धा आणि देवळाचे दार उघडावयास लावणारी श्रद्धा एकच होती.

पण येथे सत्य झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ११ जून १९५० रोजी याच गुरुजींनी स्वतः होऊन आपली जीवनयात्रा संपविली. इतका श्रद्धावान पुरुषही निराशेने ग्रासला जाऊ शकतो. याचा अर्थ श्रद्धा खोटी असा नव्हे. मनाचे दुखणे हे दुखणेच असते, एवढाच त्याचा अर्थ. ताप आला असता आपण प्रार्थनाही करतो आणि डॉक्टरांकडेही जातो. मन खचले असता तसेच करावे. शिक्षकाने आपले दुःख सहकाऱ्यापाशी बोलावे, आणि सहकाऱ्याने 'देवावर भरवसा ठेवा' एवढे सांगून त्यास वाटेस लावू नये. देव बरे करतो तो बहुधा माणसांच्याच हातून.

देव न मानणाऱ्या शिक्षकाचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गोपाळ गणेश आगरकरांच्या चरित्रात आहे. ते अज्ञेयवादी होते, परंतु एम.ए. होऊनही मोठ्या पगाराची आशा सोडून ते शिक्षक झाले आणि दम्याने जर्जर असताही आपल्या कामापासून ढळले नाहीत. १८९५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असतानाच ते निवर्तले. विवेकाने मनुष्य सुधारतो, हीच त्यांची श्रद्धा होती. तेव्हा श्रद्धेचा मक्ता एकट्या आस्तिकाकडे नाही. आपल्या पलीकडे असलेल्या कशाला तरी आपले आयुष्य वाहणे, हे तिचे लक्षण आम्हांस पुरेसे वाटते.

म्हणूनच शिक्षकाची श्रद्धा ही त्याची स्वतःची शिदोरी असावी. ती विद्यार्थ्यांवर लादावयाची नसते. वर्गात कोणाच्या घरी विठोबा असतो, कोणाच्या घरी बुद्धमूर्ती, कोणाच्या घरी कुराण, तर कोणाचे आईवडील बडादेवाला नमन करतात. शासनमान्य वा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांच्या, संमतीवाचून त्याला धार्मिक उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते. हा केवळ कायदा नव्हे, ती शहाणपणाची गोष्ट आहे. विद्यार्थ्यांना आमचा देव दिसण्याचे कारण नाही. आमची सहनशीलता, आमचा न्याय आणि चूक कबूल करण्याचे आमचे धैर्य दिसले म्हणजे झाले.

विद्यार्थिमित्रांनो, तुमचे शिक्षक कधी रागावतील, कधी थकलेले दिसतील. त्यांचेही पाय मातीचेच आहेत हे ध्यानात असू द्या. पालकांसही आमची एवढीच विनंती, की मुलाचे गुण विचारावयास येता तसे कधी शिक्षकाचे कुशलही विचारावयास यावे. तेवढ्यानेही त्याच्या दिव्यात तेल पडते. वर्ष संपत आले आहे. शिकविता आले ते शिकविले. राहिले ते पुष्कळ आहे. जे राहिले त्याबद्दल तुमची क्षमा मागतो, आणि जे तुम्ही आम्हांस शिकविले त्याबद्दल आमच्या मायबोलीत एवढेच म्हणतो: देव बरें करूं!