हिशेबात न धरलेले अरण्य

चामखिळीवर होमिओपॅथीचे डॉक्टर ज्या पांढऱ्या गोळ्या देतात, त्यांतील ‘थुजा’ हे नाव पुष्कळ घरांत परिचित आहे. हे औषध ज्या झाडापासून सिद्ध होते ते मूळचे उत्तर अमेरिकेतील. आपल्याकडे बंगल्याच्या कुंपणाशी लावतात त्या मोरपंखीचे ते जवळचे नातलग. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव थुजा ऑक्सिडेंटॅलिस, तिकडच्या बोलीत पांढरा सीडर. कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात एका चुनखडकाच्या कड्यावर या जातीची हजार वर्षे ओलांडलेली झाडे आजही उभी आहेत. वेरुळची जैन लेणी खोदली जात होती त्या शतकांत ती रुजली असावीत. मात्र ती इतकी जुनी आहेत हे १९८८ पर्यंत कोणाच्या गावीही नव्हते.

हा कडा म्हणजे नायगारा एस्कार्पमेंट. नायगारा नदीकाठच्या क्वीन्स्टनपासून उत्तरेस टोबरमोरीपर्यंत तो सुमारे ७२५ किलोमीटर पसरला आहे. जगप्रसिद्ध धबधबा कोसळतो तो याच खडकाच्या पायरीवरून. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रात साचलेल्या चुन्याच्या थरांचा हा खडक. त्यात मॅग्नेशियम मिसळलेले असल्याने भूशास्त्रज्ञ त्यास डोलोमाइट म्हणतात. खालचा मऊ थर झिजतो, वरचा कठीण थर अधांतरी राहतो आणि कधीतरी त्याचा तुकडा निखळतो. अशा रीतीने कड्याची भिंत ताजी व उभी राहते.

गेल्फ विद्यापीठातील डग लार्सन आणि त्यांचे सहकारी या कड्यावरील वनस्पतींचा अभ्यास करीत होते. पायवाटेवरील वर्दळीचा काठावरच्या झाडांवर काय परिणाम होतो, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि तीवरील वाढवलये मोजायची, ही त्यासाठीची रीत. त्याने झाड मरत नाही. वेडीवाकडी, मनगटाएवढी खोडे पाहून वय शे-दीडशे वर्षे निघेल असे कोणालाही वाटले असते. मोजणी मात्र कित्येक शतकांपर्यंत गेली. टोरांटोपासून तासाभराच्या अंतरावर, अत्यंत गजबजलेल्या ४०१ क्रमांकाच्या महामार्गाच्या शेजारी, एक आदिम अरण्य उभे होते; फक्त ते आडवे न पसरता उभ्या भिंतीवर चढलेले होते. पुढे जिवंत आणि मृत खोडांची वलये जुळवून १९९४ मध्ये १,३९७ वर्षांची सलग मालिका प्रसिद्ध झाली.

ते टिकले कसे, याचे उत्तर काहीसे विचित्र आहे. त्या लाकडाला व्यापारी किंमत नव्हती आणि तेथवर कुऱ्हाड पोचत नव्हती. जमिनीवरील वणवाही उघड्या दगडावर चढत नाही. पठारावरील जंगल लाकूड आणि शेती यांसाठी साफ झाले. कडा मात्र खातेवहीत शून्याच्या रकान्यात राहिला आणि त्या शून्यानेच त्याला राखले.

झाडाची स्वतःची काटकसरही विलक्षण. खडकाच्या भेगेत मुळाला मिळते ती चिमूटभर माती आणि पावसाचे झिरपलेले पाणी. खोडाची जाडी वर्षाकाठी मिलिमीटरच्या अंशाने वाढते. या कड्यांवरील एका झाडाची १५५ वर्षांनंतरची उंची जेमतेम १० सेंटिमीटर व वजन १७ ग्रॅम भरले. दीड शतकाची कमाई दोन तोळ्यांहूनही कमी! त्याहून नवलाची गोष्ट खोडाच्या आतली. प्रत्येक मोठे मूळ खोडाच्या ठराविक उभ्या पट्टीलाच पाणी पुरवते. दरड निखळून एक मूळ तुटले, तर तेवढी पट्टी वाळते. बाकीचे खोड आपापल्या मुळांवर जगत राहते. एका पेढीचे दिवाळे निघाले म्हणून घराण्यातील इतर पेढ्या बुडू नयेत, अशी ही व्यवस्था. म्हणूनच जुन्या सीडरची खोडे बरीचशी सुकलेली आणि एका बाजूने हिरवी दिसतात.

झाडांपलीकडेही तेथे पुष्कळ काही आहे. खडकाच्या पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर, दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत, शैवाल आणि बुरशी वस्ती करून असतात. कोरड्या फटींत पेलिया जातीचे नेचे उगवतात. कड्याच्या पायथ्याशी, मेपलच्या सावलीत, ढासळलेल्या शिळांवर हरणाच्या जिभेसारख्या अखंड पानांचा एक दुर्मीळ नेचा वाढतो; या नेच्याच्या अमेरिकी वाणाची बहुतांश झाडे याच पट्ट्यात आहेत.

शून्य किमतीचे संरक्षण मात्र कायमचे नसते. टोरांटो वाढू लागले तसा रस्त्यांना आणि काँक्रीटला दगड हवा झाला आणि कड्यालाच भाव आला. १९६२ मध्ये मिल्टनजवळ एका खाणीने कड्यात सुरुंग लावून आरपार खिंड पाडली. ती महामार्गावरून स्पष्ट दिसे, आणि त्या दृश्याने लोक अस्वस्थ झाले. १९६८ मध्ये लेन गर्टलर यांचा अहवाल आला, १९७३ मध्ये कायदा झाला, १९८५ मध्ये आराखडा मंजूर झाला आणि १९९० मध्ये युनेस्कोने या प्रदेशास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. कायदा केला तो डोंगराच्या रेषेसाठी आणि निसर्गदृश्यासाठी. त्या वेळी झाडांचे वय कोणास ठाऊकच नव्हते. मालाची मोजदाद होण्याआधीच गोदाम विकले जायचे राहिले, ते असे योगायोगाने.

कुऱ्हाड पोचत नव्हती तेथे पुढे प्रस्तरारोहकांचे दोर पोचले. चढण्याच्या वाटेत आडवी येणारी फांदी करवतीने कापली जाई, भेगांतील माती साफ केली जाई. गेल्फच्याच अभ्यासकांनी १९९७ आणि २००२ मध्ये याचे दुष्परिणाम मांडले. परंतु २००६ मध्ये त्याच संशोधनगटातून आणखी एक अभ्यास आला. त्यानुसार आरोहक मुळातच कमी फटींचा, कमी झाडोऱ्याचा कडा निवडतात. त्यामुळे दिसणाऱ्या फरकाचा मोठा भाग खडकाच्या ठेवणीमुळे आहे, सारा दोष दोरांच्या माथी मारता येत नाही. स्वतःच्या जुन्या निष्कर्षाचे असे फेरलेखापरीक्षण करण्याचा प्रामाणिकपणा दुर्मीळच. कापलेले जुने झाड मात्र त्याने परत येत नाही, हेही तितकेच खरे.

खाणींचा प्रश्न आजही मिटलेला नाही. आराखड्यात खनिज उत्खननाचे क्षेत्र वेगळे दाखविले आहे आणि नवी खाण उघडायची तर आराखड्यातच दुरुस्ती करून घ्यावी लागते. शहराला दगड हवा आहेच, आणि जवळचा दगड स्वस्त पडतो.

टोरांटो-मिसिसागाकडे स्थायिक झालेली आपली कुटुंबे सुटीच्या दिवशी मिल्टनजवळच्या रॅटलस्नेक पॉइंटवर फिरावयास जातात. तेथे कड्याच्या भेगेतून लोंबणारी हातभर उंचीची खुरटी झाडे सहज दृष्टीस पडतात. त्यांतील कोणते गेल्या पिढीतले आणि कोणते शिवकाळाच्याही आधीचे, हे खालून पाहणाऱ्यास ओळखता येत नाही.