आधी यजमानांची तपासणी झाली का?

मैत्रिणींनो, परवा एक पत्र आलं. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बाईंचं क्युरेटिंग झालं, गर्भनलिकांचा एक्स-रे झाला, सोळा सोमवारही झाले. शेवटी एक ओळ : ‘ह्यांची तपासणी मात्र झालेली नाही. विषय काढला की ताटावरून उठतात.’

आता काय म्हणावं! मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडे काही ना काही कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणाच्या जोडीने. आणि वीर्यतपासणीला ना सुई, ना भूल. वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर दोघांनी एकदमच तपासून घ्यावं. बाई पस्तिशीपुढची असेल तर सहाच महिन्यांनी. नलिकांचे एक्स-रे त्यानंतरचे.

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा. नमुना शक्यतो लॅबमध्येच, त्यांनी दिलेल्या डबीत, हाताने काढायचा. तेल, क्रीम, साधा निरोध चालत नाही, त्याने शुक्रजंतू मरतात. पहिल्या थेंबांतच ते जास्त असतात, म्हणून काही सांडलं तर न लाजता सांगावं. घरी घेतला तर डबी खिशात, अंगाच्या उबेत ठेवून अर्ध्यापाऊण तासात पोचवावी. फ्रीजमध्ये ठेवायला ते काही दही नव्हे!

अहवालातले आकडे पाहून कित्येक घरांत रडारड होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणे किमान आकडे असे : वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, त्यांतले ४२ टक्के हलणारे, आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के. हो, चारच! ‘९५ टक्के सदोष’ वाचून हातपाय गाळू नयेत. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले, अशा पुरुषांना तपासून हे आकडे काढले आहेत. त्यांतल्याही शंभरातल्या पाचांचा आकडा याहून कमी होता. म्हणजे थोडं कमी आलं तर उशीर लागेल, ‘कधीच नाही’ असं नव्हे.

शिवाय एका अहवालावर निकाल देऊ नये. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे गेल्या महिन्यातला कडक ताप आजच्या अहवालात दिसतो. तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासावं. आणि व्यायामशाळेत कुणी ताकदीची हार्मोनची इंजेक्शनं देत असेल, तर ती डॉक्टरांना जरूर सांगावीत. त्यांनी शुक्रजंतू चक्क शून्यावर येऊ शकतात.

यजमानांना कसं सांगायचं? सासूबाईंसमोर तर नाहीच. पुरुषांना वाटतं, हा आपल्या पुरुषत्वाचा दाखला. तसं मुळीच नाही. संबंध उत्तम असतात, तरी शुक्रजंतू कमी असू शकतात. ‘आपण दोघं जाऊ, दोघांचं तपासू’ म्हणावं, नाहीतर डॉक्टरांनाच बोलू द्यावं.

शून्य आलं तरी वाट बंद नसते. कधी नुसता मार्ग अडलेला असतो, कधी हार्मोनची उणीव असते, आणि त्यांवर उपाय आहेत. पण कागद दाखवावा तो मूत्रविकार शल्यचिकित्सकाला, एस.टी. स्टँडच्या भिंतीवर ‘हमखास गुण’ रंगवणाऱ्याला नव्हे.